जीडीसी व्हॉल्टचे निर्मिती-दालन: पुण्यातल्या आठ जणांनी वर्षभर वापरल्यावर

गेल्या जूनपासून आम्ही आठ जण दर महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी सकाळी दहाला कोथरूडमध्ये एका सहकाऱ्याच्या घरी जमतो, त्याच्या टीव्हीवर एक भाषण पाहतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत त्यावर बोलतो. आम्ही सगळे पुण्यातल्या निरनिराळ्या व्हिडिओ गेम स्टुडिओंमध्ये प्रोड्युसर किंवा लीड म्हणून नोकरी करतो. सॅन फ्रान्सिस्कोला दर मार्चमध्ये गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स (जीडीसी) भरते, तिच्या ‘व्हॉल्ट’ या ध्वनिचित्र-संग्रहातून ही भाषणे आम्ही निवडतो आणि तीही त्यातल्या मोफत भागातून. वर्ष पुरे झाल्यावर या सेवेविषयी सविस्तर लिहावे असे ठरले आणि गटाचे वेळापत्रक सांभाळण्याचे काम माझ्याकडे असल्याने लिहिण्याचे कामही माझ्याच गळ्यात पडले.

निकाल आधीच सांगून टाकतो. संग्रह म्हणून व्हॉल्ट अव्वल आहे आणि मोफत भागातही एखाद्या गटाला काही वर्षे पुरेल इतका ऐवज आहे. प्रोड्युसर आणि लीड यांची आपसांत ओळख, विश्वास आणि देवघेव व्हावी यासाठी मात्र तो निम्माच उपयोगी पडतो. त्यात दुसऱ्यांच्या चुका उत्तम प्रतीच्या चित्रीकरणात पाहायला मिळतात. आपली चूक चारचौघांत सांगण्याची जागा त्यात नाही, ती आपल्यालाच तयार करावी लागते. आम्ही ती कशी केली आणि कुठे अडखळलो, हे या अभिप्रायात ओघाने येईलच.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी एक खुलासा आवश्यक आहे. गेममधला प्रोड्युसर म्हणजे चित्रपटात पैसे घालणारा निर्माता नव्हे. कलाकार, प्रोग्रामर, डिझायनर, ध्वनी आणि क्यूए (गेमची तपासणी करणारे) या सर्वांचे काम एकमेकांत अडकलेले असते; ते कोणत्या क्रमाने व्हावे, काय गाळावे, गेमला पैसा पुरवून तो बाजारात आणणाऱ्या पब्लिशरला कोणत्या तारखेला कोणता बिल्ड, म्हणजे गेमची चालती प्रत, द्यावा आणि तारीख हुकणार हे त्याला कधी आणि कोणत्या शब्दांत कळवावे, याची जबाबदारी ज्याच्यावर असते तो प्रोड्युसर. पंचवीस-तीस माणसांच्या स्टुडिओत प्रोग्रामर आठ-दहा असतात, कलाकार त्याहून अधिक असतात आणि प्रोड्युसर बहुधा एकटाच असतो. प्रोग्रामरला अडचण आली तर तो शेजारच्या टेबलाकडे खुर्ची फिरवतो. प्रोड्युसरच्या शेजारी ज्यांच्या कामाचे वेळापत्रक त्याने लावले आहे तीच माणसे बसलेली असतात आणि त्यांच्यापाशी ‘मला हे जमत नाहीये’ असे म्हणण्याची सोय नसते. लीडची अवस्था याहून अवघड म्हणावी लागेल, कारण पाच वर्षे उत्तम कॅरेक्टर मॉडेल करणाऱ्या मुलीला पगारवाढीची दुसरी पायरीच नसल्याने लीड केले जाते आणि सोमवारपासून सहा माणसे तिच्या हाताखाली येतात. माणसे सांभाळण्याचे शिक्षण तिला कोणी दिलेले नसते. तिच्यासाठी व्हॉल्टमध्ये काय आहे, याच निकषावर मी तो तपासला.

संग्रहाची मांडणी साधी आहे. परिषदेचे वर्ष, विषयाचे दालन आणि वक्ता यांनुसार शोध घेता येतो. अनेक भाषणांत एका बाजूला वक्ता व दुसऱ्या बाजूला त्याच्या स्लाइड दिसतात. काही भाषणे सर्वांना खुली असतात, बाकीची वर्गणीदारांना आणि परिषदेच्या ठरावीक पासधारकांना पाहता येतात. खुल्या भाषणांपैकी बरीचशी परिषदेच्या यूट्यूब वाहिनीवरही सापडतात आणि टीव्हीवर पाहायला तीच सोयीची पडते. ‘प्रॉडक्शन अँड टीम लीडरशिप’ असे स्वतंत्र दालन परिषदेत असते, त्यामुळे आमच्यासारख्यांना ग्राफिक्स आणि शेडरच्या जंगलातून वाट काढावी लागत नाही. तरीही पहिले तीन महिने आम्ही याच दालनात अडकून पडलो, ही चूक होती. प्रोड्युसरसाठी सर्वांत मोलाची भाषणे पुष्कळदा त्याच्या नावाच्या दालनात नसतात. ती पोस्टमॉर्टेममध्ये असतात.

पोस्टमॉर्टेम हा गेमच्या धंद्यातला जुना रिवाज आहे. 1994 ते 2013 या काळात निघणाऱ्या ‘गेम डेव्हलपर’ या अमेरिकी मासिकाने त्याला साचा दिला: गेम बाजारात आल्यावर तो करणाऱ्यांपैकी एकाने काय जमले त्याच्या पाच गोष्टी आणि काय फसले त्याच्या पाच गोष्टी लिहायच्या. परिषदेने 2011 मध्ये आपल्या पंचविसाव्या अधिवेशनात जुन्या, नावाजलेल्या गेमच्या पोस्टमॉर्टेमची मालिका सुरू केली आणि पॅक-मॅन, डूम, प्रिन्स ऑफ पर्शिया यांच्या निर्मात्यांनी व्यासपीठावर येऊन आपली कहाणी सांगितली. ही सगळी मालिका ऐकावी अशी आहे. परंतु आमच्या गटाचा सूर खऱ्या अर्थाने जुळला तो 2016 च्या एका भाषणाने, डेव्हिड ब्रेविक यांनी आपल्या डायब्लो या गेमविषयी केलेल्या भाषणाने.

डायब्लो 1996 च्या अखेरीस आला. मूळ आराखड्यात तो पाळीपाळीने खेळायचा, म्हणजे टर्न-बेस्ड गेम होता. खेळाडूने एक चाल करायची, मग राक्षसाने एक करायची. गेमला पैसे पुरवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीकडून सूचना आली की हा गेम सलग चालणारा, रिअल-टाइम करून पाहा. ब्रेविक यांचा याला विरोध होता. स्टुडिओच्या स्वयंपाकघरात सर्वांचे मत घेतले गेले, बहुमत रिअल-टाइमच्या बाजूने पडले आणि ब्रेविक यांनी ब्लिझार्डला फोन करून कळवले की बदल करू, पण तो मोठा आहे, वेळ जास्त लागेल आणि त्यासाठी आणखी एका माइलस्टोनचे, म्हणजे कामाच्या ठरलेल्या टप्प्याचे, पैसे द्यावे लागतील. पलीकडून होकार आला. ब्रेविक कामाला बसले आणि काही तासांत, त्याच दुपारी, गेम रिअल-टाइममध्ये चालू लागला. पाळ्यांचा हिशेब आधीच लिहिलेला होता. त्या पाळ्या सेकंदाला कितीतरी वेळा आपोआप घडतील असे केल्यावर पडद्यावर सलग हालचाल दिसू लागली. माउसच्या एका क्लिकसरशी सांगाडा कोसळला आणि त्यांचा विरोध तिथल्या तिथे मावळला.

सभागृहात या प्रसंगावर मोठा हशा पिकतो. आमच्या दिवाणखान्यात कोणीच हसले नाही, कारण आठांपैकी प्रत्येकाने या प्रसंगातली निदान एक भूमिका वठवलेली होती. अंदाज देणाऱ्याला ते काम नकोसे असेल तर आकडा फुगतो, हे आम्हाला ठाऊक होते. मात्र इतक्या मोठ्या माणसाने ते इतक्या मोकळेपणाने सांगितल्यावर चर्चेचा बांध फुटला. बाणेरच्या एका स्टुडिओतील ॲनिमेशन लीड म्हणाला की आपल्याकडचा रोग याच्या नेमका उलटा आहे. आपल्याकडे आकडा फुगत नाही, आकडा दिलाच जात नाही. ‘किती दिवस लागतील?’ या प्रश्नाला ‘होऊन जाईल, सर’ हे उत्तर येते, आपण ते तीन दिवस असे लिहून घेतो आणि दोघेही समाधानाने आपापल्या जागी जातो. ‘होऊन जाईल’ या शब्दांचा अर्थ काय, यावर त्या दिवशी सव्वा तास बोलणे झाले. माझ्या टिपणवहीत त्याचे चार अर्थ उतरवलेले आहेत: मला काम कळले आहे व ते सोपे आहे, मला काम कळलेले नाही पण विचारायची लाज वाटते, काम होणार नाही पण तुम्हाला नाही म्हणता येत नाही, आणि तुम्ही आता येथून जा. पुढच्या सोमवारपासून आमच्यातल्या तिघांनी आपल्या मुलांना दिवसांचा आकडा विचारणे बंद केले आणि ‘यात सर्वांत आधी काय अडेल?’ एवढेच विचारायला सुरुवात केली. उत्तरे अधिक खरी येऊ लागली, असा तिघांचाही अनुभव आहे.

वेळापत्रकांविषयीच्या भाषणांचे मूल्यमापन करताना मी थोडा कडक होणार आहे. स्क्रम, कानबान या काम आखण्याच्या पद्धती आणि बॅकलॉगची, म्हणजे उरलेल्या कामांच्या यादीची, निगा या विषयांवर या दालनात उदंड सामग्री आहे, पण त्यातली बरीचशी एकमेकांसारखी आहे आणि दोन भाषणांनंतर तिसऱ्यात नवे फार थोडे हाती लागते. याउलट गेम डिझायनर मार्क सर्नी यांनी 2002 मध्ये डाइस या गेमच्याच दुसऱ्या परिषदेत मांडलेली पद्धत, जी व्हॉल्टच्या बाहेर यूट्यूबवर ऐकता येते, आजही ताजी वाटते. गेम घडवण्याचे सगळे काम आधी आखता येते हा समज त्यांनी मुळातून नाकारला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पूर्वनिर्मितीच्या काळाला तारखा लावायच्या नसतात. थेट विकता येईल अशा दर्जाचा लहानसा खेळता भाग तयार झाला की मगच पुढच्या निर्मितीचे वेळापत्रक लावायचे. पब्लिशरच्या पैशावर चालणाऱ्या स्टुडिओला हे किती परवडेल हा प्रश्न राहतोच, आणि आमच्या बैठकीत त्यावर दोन तट पडले ते आजतागायत तसेच आहेत.

या भाषणांत न सापडणाऱ्या गोष्टींची यादी आमच्याकडे हळूहळू वाढत गेली. मी नवखा असताना एका स्टुडिओत युरोपातल्या पब्लिशरसाठी काम चालू होते. वेळापत्रकाच्या तक्त्यात त्यांचा ईस्टर होता, अमेरिकेचा थँक्सगिव्हिंग होता, नाताळचे दोन आठवडे करड्या रंगात रंगवलेले होते आणि माइलस्टोनचा बिल्ड अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. तक्ता मीच केला होता. बिल्ड बांधणारा मुलगा शनिवार पेठेत राहत असे. पुण्यात विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांहून अधिक वेळ चालते, पेठांतले रस्ते बंद असतात आणि त्या ढोलताशांत फोनही ऐकू येत नाही. सर्व्हरची किल्ली म्हणावी असा पासवर्ड फक्त त्याच्याकडे होता. तो मध्यरात्री लक्ष्मी रस्त्यावरून वाट काढत, गुलालाने माखलेला, नदीपलीकडे चालत आला आणि बिल्ड सहा तास उशिरा गेला. हा प्रसंग मी गटात सांगितला तेव्हा हशा पिकला खरा, परंतु त्यानंतर गटाने जो सामायिक तक्ता केला तो आमच्या वर्षभराच्या कामातला सर्वांत वापरला जाणारा कागद ठरला आहे: गणपती, दिवाळी, एप्रिलमधले अप्रेझल आणि त्यापाठोपाठ येणारे राजीनामे, बोर्डाच्या परीक्षांमुळे पालक रजा घेतात ते आठवडे आणि पावसाळ्यात वीज जाते ते दिवस.

राजीनाम्याचा मुद्दा तर स्वतंत्र बैठकीचा झाला. अमेरिकी वक्ता गृहीत धरतो की माणूस नोकरी सोडताना दोन आठवडे आधी सांगेल. आपल्याकडे नोटिशीचा काळ साठ किंवा नव्वद दिवसांचा असतो. म्हणजे मनाने निघून गेलेला माणूस तीन महिने संघात बसलेला असतो, त्याला काम द्यावे तर ते अर्धे राहते, न द्यावे तर शेजारचा विचारतो की मग मीच का मरू. या तीन महिन्यांचे काय करावे यावर व्हॉल्टमध्ये आम्हाला एकही भाषण सापडले नाही, आणि सापडावे अशी अपेक्षाही चुकीची आहे. तसेच ‘वन-ऑन-वन’ संभाषणाचे. लीडने दर आठवड्याला प्रत्येकाशी अर्धा तास एकांतात बोलावे, हा सल्ला तिथल्या अनेक भाषणांत येतो आणि तो चांगलाही आहे. आमच्यातल्या एका लीडने तो अमलात आणला तेव्हा पहिल्याच मुलाने बसायच्या आधी विचारले, ‘मॅम, माझं काही चुकलंय का?’ बंद खोलीत बोलावणे म्हणजे झाडाझडती, हे इतके मुरलेले आहे. तिने खोली सोडली आणि चहाच्या टपरीपर्यंत बरोबर चालत जाण्याचा रिवाज पाडला. तिथे मात्र मुले बोलू लागली. हा सल्ला कोणत्याही दालनात नाही. तो त्या शनिवारी बसलेल्या बाकी सातजणांनी आपापल्या स्टुडिओत नेला.

वर प्रिन्स ऑफ पर्शियाचा उल्लेख आला, त्यावर थोडे थांबतो, कारण पुण्यात बसून ते भाषण ऐकणे वेगळे असते. जॉर्डन मेक्नर यांनी 1989 चा हा गेम ॲपल टू या छोट्या संगणकावर जवळजवळ एकट्याने, सुमारे चार वर्षे खपून केला. धाकट्या भावाला धावायला-उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्यावरून नायकाची हालचाल एकेक चौकटीने उतरवली. शत्रूचे नवे पात्र घालायला संगणकाच्या मेमरीत जागाच उरली नव्हती, तेव्हा नायकाच्याच आकृतीवर संगणकी उलटापालट करून त्यातून त्याचा छायापुरुष काढला. टंचाईतून सुचलेले हे पात्र गेमचे भूषण ठरले. याच मालिकेतल्या ‘सँड्स ऑफ टाइम’चा नवा अवतार 2020 मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडून जाहीर झाला होता आणि 2022 मध्ये ते काम त्याच कंपनीच्या कॅनडातल्या माँट्रियल स्टुडिओकडे गेले. आमच्यापैकी कोणीही त्या प्रकल्पावर नव्हते, त्यामुळे त्याविषयी बोलण्याचा अधिकार आम्हाला नाही. पण भाषण संपल्यावर खोलीत जी शांतता होती ती नोंदवली पाहिजे. पुण्यात शून्यातून उभा राहिलेला आणि 2020 मध्ये जगापुढे गेलेला ‘राजी’ हा गेमही आहे, याची आठवण मग कोणीतरी करून दिली. अशा कामांची पोस्टमॉर्टेम मराठीतून, इथल्याच माणसांसमोर व्हावीत, अशी इच्छा त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवली गेली.

आता या सेवेच्या मुख्य उणिवेकडे येतो. परिषदेत प्रोड्युसरांसाठी सर्वांत मोलाची असतात ती राउंडटेबले, आणि त्यांचे चित्रीकरण होत नाही. काही वर्षांपूर्वी एकदाच मला परिषदेच्या जागी, मॉस्कोनी सेंटरमध्ये, अशा बैठकीला बसता आले. मोठ्या पडद्यावर काही नव्हते, व्यासपीठ नव्हते. खुर्च्या गोलाकार मांडलेल्या, एक संचालक कागदी फळ्यावर प्रश्न लिहून घेत होता आणि माणसे आपल्या कंपनीचे नाव न घेता ‘मी चाळीस जणांच्या स्टुडिओत आहे’ अशी सुरुवात करून बोलत होती. संघातल्या कोणाला काढायचे हे ठरवण्याची वेळ आली तेव्हा काय केले, हे एका बाईंनी जितक्या स्पष्टपणे सांगितले तितक्या स्पष्टपणे कोणीही कॅमेऱ्यापुढे सांगणार नाही. म्हणून चित्रीकरण नसणे हा दोष नव्हे, ते त्या बैठकीच्या मोकळेपणाचे कारणच आहे. परंतु परिणाम असा होतो की पुण्यात बसलेल्या माणसाच्या वाट्याला व्यासपीठावरून केलेले, कंपनीच्या परवानगीने तपासलेले भाषण तेवढे येते. पास, विमान, व्हिसा आणि राहणे यांचा हिशेब काही लाखांत जातो आणि इथल्या बहुतेक स्टुडिओंत तो प्रोड्युसरसाठी कोणी करत नाही. गेलेच तर धंदा आणणारे लोक जातात. भाषणे तिथे सकाळी दहाला सुरू होतात तेव्हा इथे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, ही गोष्ट वेगळीच.

तेव्हा आम्ही राउंडटेबलचा साचाच उचलला. लंडनच्या चॅटम हाउस या संस्थेने 1927 पासून पाळलेला एक नियम आहे: बैठकीत ऐकलेली माहिती बाहेर वापरता येते, पण ती कोणी सांगितली आणि तो कुठल्या संस्थेचा, हे बाहेर सांगायचे नाही. आम्ही त्यात एका कलमाची भर घातली, ती म्हणजे गेमचे नाव खोलीतही घ्यायचे नाही. हे आवश्यक होते. 1997 मध्ये बंगळुरूत सुरू झालेल्या ध्रुव इंटरॅक्टिव्हपासून भारतातला फार मोठा धंदा परदेशी गेमसाठी कला आणि तांत्रिक काम करून देण्याचा राहिला आहे आणि त्यात गोपनीयतेचे करार इतके कडक असतात की दोन वर्षे ज्या गेमवर माणूस राबला त्याचे नाव तो बायकोलाही सांगत नाही. असा लीड कुठल्याही जाहीर व्यासपीठावर पोस्टमॉर्टेम करूच शकत नाही. ‘एक मोठा पब्लिशर, एक शर्यतीचा गेम’ एवढ्यावर आमचे काम भागते, आणि खरे तर शिकायला तेवढे पुरते. गाडी कोणत्या कंपनीची होती याला महत्त्व नसते, तिच्या चाकाच्या मॉडेलला सोळा वेळा शेरे का आले याला असते.

भाषणाची लांबी हाही व्यवहाराचा प्रश्न आहे. बहुतेक भाषणे अर्ध्या तासाची किंवा तासाभराची असतात आणि शनिवारी सकाळी पोहे खाऊन तासभर ऐकणे सगळ्यांना झेपत नाही. आमच्यासाठी मायक्रोटॉक हा प्रकार सोयीचा ठरला. 2009 मध्ये परिषदेत सुरू झालेल्या या प्रकारात प्रत्येक वक्त्याला वीस स्लाइड मिळतात आणि दर सोळा सेकंदांनी पुढची स्लाइड आपोआप येते, म्हणजे सारे मिळून पाच मिनिटे वीस सेकंद. एक ऐकायचे, थांबवायचे, बोलायचे, मग दुसरे. ज्यांना इंग्रजी वेगाने कळत नाही त्यांनाही ते मानवते. आमच्या गटात साताऱ्याची एक मुलगी आहे, एक बंगाली गृहस्थ आहेत, क्यूएचा एक तेलुगू मुलगा आहे; भाषण इंग्रजीत, चर्चा मराठी-हिंदीत आणि भांडण ज्याच्या त्याच्या भाषेत, अशी वाटणी झालेली आहे. यूट्यूबवरची आपोआप उमटणारी अक्षरे तांत्रिक शब्दांना वेडेवाकडे करतात, पण ती नसण्यापेक्षा असलेली बरी.

तक्रारी आणखी दोन आहेत. पहिली, दालनातली नेतृत्वावरची काही भाषणे केवळ उमेद वाढवण्यासाठी असतात. माणसांवर विश्वास ठेवा, मोकळे बोला, स्वतःची काळजी घ्या, हे चाळीस मिनिटे ऐकल्यावर हाती काही राहत नाही. भाषणाच्या वर्णनात एखादा विशिष्ट गेम, संघाचा आकडा किंवा हुकलेली तारीख यांपैकी काहीच नसेल तर ते सोडून द्यावे, असा नियम आम्ही पाचव्या महिन्यात केला आणि तो चांगला चालला आहे. दुसरी तक्रार परिषदेची नव्हे, व्यासपीठ या गोष्टीचीच आहे: ज्याचा प्रकल्प अर्ध्यावर बंद पडला, ज्याचा स्टुडिओ मिटला, तो तिथे क्वचितच बोलायला येतो. परिषदेच्याच 2025 च्या पाहणीत 11 टक्के डेव्हलपरांनी गेल्या वर्षभरात नोकरी गेल्याचे सांगितले. त्या माणसांची कहाणी संग्रहात शोधायला गेल्यास फार थोडी हाती लागते.

पर्याय कोणते, असे कोणी विचारील. 1994 मध्ये अर्नेस्ट ॲडम्स यांनी सुरू केलेली, आज आयजीडीए (इंटरनॅशनल गेम डेव्हलपर्स असोसिएशन) या नावाने चालणारी संघटना डेव्हलपरांची आहे आणि तिचे स्थानिक विभाग व विषयवार गट असतात. जिथे विभाग जोरात चालतो तिथे ती उपयोगी पडते. भारतातली परिषद, म्हणजे आयजीडीसी, पूर्वी नॅसकॉमच्या नावाखाली पुण्यातही भरत असे, नंतर हैदराबादला गेली आणि 2025 मध्ये चेन्नईत झाली. तिथल्या सभागृहापेक्षा बाहेरच्या मार्गिकेत जास्त काम होते. वर्षातून तीन दिवस, एवढीच तिची मर्यादा.

गट चालवण्याविषयी दोन शब्द. आठांच्या वर माणसे घेऊ नयेत. बारा झाल्यावर दोन बैठकांत आमच्याकडे तीन जणच बोलत राहिले आणि बाकीचे मोबाइल पाहू लागले. एका स्टुडिओतला एकच माणूस असावा, आणि कोणाचाही साहेब त्याच खोलीत नसावा. व्हॉट्सॲपचा गट केला होता तो चार महिन्यांत नोकरीच्या जाहिरातींचा बाजार झाला, म्हणून बंद केला. आता तारीख आणि भाषणाचे नाव एवढाच निरोप जातो. या परिषदेची सुरुवातही 1988 मध्ये गेम डिझायनर ख्रिस क्रॉफर्ड यांच्या सॅन होजेच्या घरी, दिवाणखान्यात जमलेल्या सत्तावीस माणसांपासून झाली होती, हे आमच्या यजमानांच्या सौभाग्यवतींना सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या की सत्तावीस जणांचे पोहे त्या करणार नाहीत.

ज्यांनी नुकतीच लीडची जबाबदारी घेतली आहे त्यांनी वर्गणी भरण्याची घाई करू नये. मोफत भागातली पोस्टमॉर्टेम आधी संपवावीत, तीही एकट्याने हेडफोन लावून नव्हे, निदान दोन माणसांबरोबर. वर्गणीचा विचार स्टुडिओने करावा, कारण ताज्या परिषदेची भाषणे लगेच पाहण्याची गरज स्टुडिओला असते, गटाला नसते. दहा वर्षांपूर्वीची चूक आजही तितकीच शिकवते.

या जूनमध्ये आम्ही पहिल्यांदा कोणाचेच भाषण लावले नाही. साताऱ्याच्या मुलीने, जी एका स्टुडिओत लायटिंग लीड आहे आणि वर्षभर सर्वांत कमी बोलली होती, पांढऱ्या फळ्यावर मधोमध रेघ ओढली आणि नुकत्याच संपलेल्या आपल्या कामाचे पोस्टमॉर्टेम मांडले. उजवीकडे फसलेल्या पाच गोष्टी तिने पाच मिनिटांत भरल्या. डावीकडे दोनच लिहिल्या आणि ती थांबली. उरलेल्या तीन शोधण्यात दोन तास गेले, पोळ्या गार झाल्या. पाचवी ओळ क्यूएच्या मुलाने सुचवली: अठरा महिन्यांत तिच्या संघातला एकही माणूस सोडून गेला नाही. ही मोजायची गोष्ट असते हे तिच्या लक्षातच आले नव्हते. जुलैची पाळी माझी आहे. विसर्जनाच्या त्या वर्षाचा तक्ता जुन्या हार्ड डिस्कवर आहे, तो मी अजून उघडलेला नाही.